तीन मडकी आणि एकच वाळू

अक्का,

तुझ्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी उभा राहिलो, जनवाड्याच्या शाळेपासून सुरुवात केली, आणि तू अजून चौथीच्या वर्गात जायचीच होतीस तेवढ्यात तुझ्या एका विद्यार्थ्याने हळूच माझ्या कोपराला हात लावला. वेळ संपली म्हणे. मी बसलो. पहिल्या रांगेत तू असतीस तर तू त्याच्याही आधी म्हणाली असतीस, "माणक्या, कथा नको." जन्मभर तू मला एवढंच सांगत आलीस, आणि जन्मभर मी कथाच सांगत आलो. तेव्हा आता तू नाहीस, घड्याळ नाही, तो कोपर दाबणारा पोरगाही नाही. आता ऐक.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कुणी कानडीत बोललं, कुणी उर्दूत. मला दोन्ही कळतात, तरी मी न कळल्यासारखा मान हलवत होतो, कारण मान हलवणं थांबवलं असतं तर रडू आलं असतं. सगळे म्हणाले, मॅडम फार शांत होत्या. मी मनात म्हटलं, यांनी अक्काला छप्पन साली बघायला पाहिजे होतं. त्या एका वर्षात आपण हैदराबाद राज्यात झोपलो आणि म्हैसूर राज्यात उठलो, त्याच वर्षी अप्पांनी दीक्षा घेतली आणि घरातला धर्मही नवा झाला. राज्य बदललं, धर्म बदलला. बदलला नाही तो फक्त तुझा मला मारायचा हात. तो डावा होता आणि मोठा शांत होता.

तू डॉक्टर झालीस तेव्हा जनवाड्याची जी निराशा झाली ती आठवते का? गाव तयार होऊन बसलं होतं, पाठ धरलेले, गुडघे धरलेले. आणि तू सांगितलंस की तू प्रयोगशाळेतली डॉक्टर, गुलबर्ग्याच्या कॉलेजात पोरांना शिकवणारी, रक्तातले पदार्थ मोजणारी. आपल्या शेजारच्या इठाकाकू चार घरी सांगत फिरल्या, "डॉक्टरीण हाय म्हनं, पर सुई देत न्हाई. उलट आपलंच रगत काढून नेती." तू हसलीस आणि त्यांचंही रक्त काढून नेलंस.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या लेकीचं, मित्राचं. सभेत तेच सांगायचं होतं. तिथपर्यंत पोचलो नाही.

माझ्या बायकोला, सुनंदाला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आपल्याच घरी झालं. सकाळपासून ती अडली होती. भर दुपारी पोर बाहेर आली ती निळी, आणि गप्प. सुईण गंगव्वानं तिला पायाला धरून उलटी केली, पाठ चोळली, ढुंगणावर चापट्या मारल्या. पोर गप्प. आईनं आतून मला ओरडून सांगितलं, पितळी वाजीव. बाळ न्हाई रडलं तर त्याच्या कानाशी ताट वाजवायचं, ही आपली रीत. मी एम.ए.ला भाषाशास्त्र घेतलेला मास्तर, मी ताट घेतलं आणि असं बडवलं की इठाकाकूंना वाटलं कल्हईवाला आला. त्या काळवंडलेली पातेली घेऊन दारात हजर. मी दाराबाहेर उभा राहून बडवतोय, त्या विचारतायत, "परातीचं काय घेतो रं?" आणि आत माझी लेक श्वास घ्यायचा की नाही याचा विचार करतेय.

शेवटी आवाज आला. मांजराच्या पिलासारखा, अर्धा. आई म्हणाली, "रडू द्या. थांबवू नका कुणी." पण थांबवायला काही नव्हतंच, तो आवाज आपणहून थांबला.

पोरीला बीदरच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तू बसमधून उतरलीस, तोंडावर सगळ्या रस्त्याची धूळ. मी तुला सांगायला लागलो, की काल सकाळी मी दात घासत होतो तेव्हा सुनंदा म्हणाली की—

"माणक्या, कथा नको. रडली का?"

"रडली की."

"लगेच का उशिरानं?"

"ते जरा आधीपासून सांगावं लागंल."

"उशिरानं," तू स्वतःशीच म्हणालीस आणि आत गेलीस.

पोर ढिली पडली होती, चिंधीसारखी. दूध ओढत नव्हती. तू तिला बघितलंस, मग सुनंदाशेजारी बसलीस. सुनंदानं तुला जे विचारलं ते मी दारातून ऐकलं. "वन्सं," ती म्हणाली, "ही मला वळखंल का?"

मला वाटलं तू हो म्हणशील. कुणीही हो म्हणालं असतं. नर्सबाई म्हणाली होती, इठाकाकू म्हणाल्या होत्या, मी तर सकाळपासून म्हणतच होतो. तू म्हणालीस, "आत्ता सांगता येत न्हाई, सुनंदा. मी बघत ऱ्हाईन." त्या क्षणी मला तुझा राग आला होता. सुनंदाला मात्र आला नाही. नंतर मला म्हणाली, "सगळ्यांत एक त्याच खरं बोलल्या."

मग व्हरांड्यात बसून तू मला ते समजावलंस, मास्तराला मास्तरासारखं. मेंदूला मार बसला, हवा कमी पडली, की त्याच्या पेशींतला एक पदार्थ झिरपून रक्तात येतो. तू त्याला सी. के. म्हणायचीस, मला ते एखाद्या तालुका अध्यक्षाचं नाव वाटायचं. "आपल्या घरचं पाण्याचं मडकं वाळूवर ठेवलंय ना," तू म्हणालीस, "आत बघता येत न्हाई. पर चीर गेली का बघायचं तर खालची वाळू बघायची. ओली हाय का." बाळाच्या डोक्यात डोकावायला त्या वेळी आपल्याकडे दुसरं काही नव्हतं. तू परदेशातल्या मासिकांत वाचून त्याच्या मागे लागली होतीस, आणि आता तुझ्या समोर तुझीच भाची होती.

तू तिच्या नाजूक शिरेतून रक्त काढलंस. पोर तेव्हाही रडली नाही, रडलो मी. रक्त थिजलं की वर जे पिवळसर पाणी राहतं ते काचेच्या नळीत घेतलंस, सोडावॉटरवाल्याकडून बर्फ आणलास, ते सगळं आपल्या लाल थर्मासमध्ये घातलंस आणि गुलबर्ग्याची बस धरलीस. मेंदूतला जो पदार्थ असतो तो फार नाजूक, उष्म्यानं मरतो, म्हणून थर्मास मांडीवर बाळासारखा. हुमनाबादच्या पुढं शेजारच्या म्हाताऱ्यानं मोठ्या आशेनं विचारलं, चा है क्या बेटी, आधा कप? तू म्हणालीस, "चा नहीं मामू, खून है." त्यानंतर गुलबर्ग्यापर्यंत पूर्ण बाकडं तुझं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याचा हिशेब नाही. दर वेळी म्हातारा थोडा आणखी घाबरतो. मागच्या वेळी तर मी त्याला खिडकीतून उतरवला.

पहिला आकडा जास्त आला. तू म्हणालीस, त्यावर जाऊ नको. जन्माला येताना सगळीच पोरं चेंगरतात, सगळ्यांचाच थोडा जास्त येतो, मग उतरतो. पोर घरी आली. आठवड्यानं तू परत रक्त नेलंस. आता तो उतरायला हवा होता.

तू निरोप पाठवला नाहीस, तू स्वतः आलीस. त्या रविवारी तुला फाट्यावरून चालत येताना मी लांबून बघितलं आणि समजलो. तू चालताना इकडंतिकडं बघणारी बाई, त्या दिवशी फक्त पायांकडं बघत होतीस. जवळ आल्यावर म्हणालीस, "चढलाय." एवढंच.   

आणि आपण दोघं दारात आलो. आत आई पाय लांब करून बसलेली, नडग्यांवर मित्रा पालथी, बाजूला कोमट तेलाची वाटी. आईनं तिच्या मांड्या धरल्या होत्या आणि भाकरीचं पीठ मळावं तशी मळत होती. मळून झालं की थापटायची. पाठ, खांदे, दंड. मग परत मांड्या. पोर तेलानं चकाकत होती आणि भुईकडं बघत होती.

तू उंबऱ्यावर थांबलीस. तुझ्या तोंडावर काय होतं ते मला कळेना.

"आई, कवापासून करायलीस हे?"

आईला वाटलं शाबासकी. "दवाखान्यातून आल्यापासून. सकाळी येकदा, तिसऱ्या पारी येकदा. ढिली हाय पोर, जोर आणायलेय. इठाबाई बी येती हातभार लावाय."

तू उंबऱ्यावर बसलीस आणि हसायला लागलीस. पदर तोंडात कोंबून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मी आणि आई एकमेकांकडं बघत राहिलो की हिलाच काही झालं का. मग तू मला सांगितलंस, मडकी तीन आहेत. मेंदूचं एक, हृदयाचं एक, आणि अंगातल्या स्नायूंचं एक, सगळ्यांत मोठं. तिन्हींतून झिरपतं ते त्याच वाळूत. स्नायू तिंबले तरी आकडा चढतो. "मी तिकडं मेंदूची चीर शोधायलेय," तू म्हणालीस, "आणि हिकडं आई रोज दोन वेळा मोठ्या मडक्याला बुक्क्या घालायली."

आता आईला मालीश बंद कर म्हणणं म्हणजे काय ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू ते मला सांगायला लावलंस. मी सांगितलं. आई तुझ्याकडं बघून म्हणाली, "तुला बी मी अशीच मळली. म्हनून डॉक्टरीण झालीस. ह्याला मळायला मला येळ मिळाला न्हाई, बघ काय झालंय." तू तरीही तिच्यापुढं बसून राहिलीस. तू तिला अडाणी म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "आई, तुझ्या हातानं काय झालं आणि देवाघरच्या चुकीनं काय झालं, मला येगळं करून बघू दे. आठच दिस हात आवर. मग मीच तुला म्हणीन, मळ."

"देव कुठं ऱ्हायला आता आपल्यात," आई म्हणाली. पण हात आवरला.

आवरला म्हणजे काय, तिचे हात शिवशिवायला लागले. पोरीला नुसता हात ठेवायची परवानगी, दाबायची नाही. मग संध्याकाळी मी शाळेतून आलो की मला बोलवायची, पालथा पड म्हणायची. अक्का, तुझ्या त्या शास्त्रासाठी मी आठ दिवस मळला गेलो. एका मास्तराच्या पोटऱ्यांतून त्या आठवड्यात रक्तात काय काय झिरपलं असेल, त्याची नोंद कुठल्याच मासिकात नाही. बस धरायला मी लंगडत फाट्यावर जायचो.

आठ दिवसांनी तू परत रक्त नेलंस. या वेळी थर्मासकडं कुणी बघितलं नाही, कदाचित गोष्ट पसरली असावी.

आकडा उतरला. उतरला म्हणजे चांगलाच उतरला. तू सांगितलंस आणि मी सुनंदाला हाक मारून, आईला हाक मारून, इठाकाकूंना कुंपणावरून हाक मारून सांगत सुटलो. तू मला थांबवलंस. माझ्यावर तू आयुष्यात जेवढी चिडली नाहीस तेवढी तेव्हा चिडलीस, म्हणजे आवाज आणखी खाली आला.

"उतरला म्हणजे आता झिरपत न्हाई, एवढंच. पैल्या दिवशी मेंदूतून किती गेलं, ते त्याच्यात न्हाई."

"मग ते कशात हाय?"

तेव्हा तू मला त्या पट्टीचं सांगितलंस. तीन मडक्यांचं पाणी वेगळं करायची एक रीत होती, विजेवर चालणारी. पदार्थ सरकत जातो आणि तीन ठिकाणी तीन पट्ट्या उमटतात. मेंदूची पट्टी सगळ्यांत पुढं. पहिल्या नमुन्यावर तू ते करून बघितलं होतंस.

"मग दिसली का पट्टी?"

"दिसल्यासारखी वाटली. न्हाई दिसल्यासारखी बी वाटली. फिकी होती. बर्फ वितळला होता, माझे डोळे शिणले होते, आणि ती माझी भाची होती."

अक्का, हेच आपलं भांडण. तिथून पुढं तू जितक्या वेळा जनवाड्याला आलीस तितक्या वेळा मी विचारलं, पट्टी होती का नव्हती? आणि तितक्या वेळा तू हेच म्हणालीस. मी मास्तर आहे, माझ्याकडं एक तर बरोबर नाहीतर चूक. तू एकदा म्हणालीस की कधी तरी असं होईल, थेंबभर रक्तात फक्त मेंदूचंच मडकं ओळखता येईल, पहिल्याच दिवशी, आणि अशा फिक्या पट्टीवर कुणाला डोळे फोडावे लागणार नाहीत. मी म्हटलं, तवर आपण ऱ्हातोय होय? तू म्हणालीस, "मित्रा ऱ्हाते की."

त्या दिवशी जाताना तू आईला म्हणालीस, "आता मळ. पर हळू." आणि पोरीचा उजवा हात धरून दाखवलास. त्या हाताची मूठ ती उघडत नव्हती. ते मला दिसलं नव्हतं, सुनंदाला दिसलं होतं पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तू आईला एकेक बोट कसं उघडायचं ते शिकवलंस. पुढं कितीतरी वर्षं आईनं ती मूठ रोज उघडली, कणसाचं साल सोलावं तशी, न चुकता, कधी शिव्या देत, कधी तुला शिव्या देत.

आणि तो बांगडीचा दिवस. मित्रा मान धरायला उशीर करत होती, कशाकडं बघत नव्हती. तू दर वेळी सुनंदाच्या हातातली लाल बांगडी काढून घ्यायचीस आणि तिच्या डोळ्यांपुढून हळू फिरवायचीस. दर वेळी पोर आपली छपराकडं. त्या दिवशी बांगडी डावीकडून उजवीकडं गेली आणि डोळे मागोमाग गेले. तू परत फिरवलीस. परत गेले. मग बांगडी सुनंदाच्या तोंडापाशी नेलीस आणि मागे लपवलीस. पोर आईच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि हसली. बोळकं हसणं, लाळ गाळत.  सुनंदानं हात पुढं केला आणि तू बांगडी परत तिच्या हातात चढवलीस, सावकाश, बोटं दाबून, कासारासारखी. मग परसात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलीस. मी रांजणाजवळ उभा होतो. पाणी संपलं होतं गं त्यात.

मित्रा उशिरा बसली, उशिरा चालली, बोलायला लागली ती मात्र माझ्यावर गेली. उजवा हात अजून थोडा हट्टी आहे. पाटीवर डाव्यानं लिहिते. तुझाच डावा हात दिलास तिला. वर्गातल्या पोरांना मारतेही त्याच हातानं, आणि शांतपणे. फक्त एक होतं: ही पोर रडायची नाही. चिंचेवरून पडली, कोपर फुटलं, उठून आली. तू आलीस की उंबऱ्यातच विचारायचीस, "काय गं मित्रा, रडली का न्हाई ह्या म्हयन्यात?" ती मान हलवायची, "न्हाई अत्या." आणि तुम्ही दोघी हसायच्या. मला कळायचं की तू अर्धीच हसतेस.

मागच्या उन्हाळ्यात तू शेवटची आलीस तेव्हाही मी विचारलं, पट्टी. तू आंबा चोखत होतीस. कोय चोखून पांढरी केलीस, ती ताटलीत ठेवलीस आणि म्हणालीस, "माणक्या, तुला उत्तर पायजे का पोरगी पायजे?"

"दोन्ही."

"हावरट," म्हणालीस आणि दुसरा आंबा घेतलास. भांडण तिथंच आहे, अक्का. ताटलीसकट.

तुझ्या अंत्यविधीला मित्रा आली. मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. तिनं फुलं वाहिली, मुद्दाम उजव्या हातानं; बोटं उघडायला वेळ लागला, मागची माणसं थांबली. इठाकाकू हंबरडा फोडत होत्या, तुझे विद्यार्थी नाक पुसत होते, मी मान हलवत होतो. पोर कोरडी. सुनंदा सारखी तिच्याकडं बघत होती. मीही. मला पुन्हा ती पट्टी आठवली, फिकी, पुढच्या टोकाला.

तुझ्या खोलीतून आम्ही फक्त थर्मास आणला. लाल रंग उडालेला. काल दुपारी सुनंदानं तो धुवायला काढला. मित्रा म्हणाली, मी धुते. उंबऱ्यावर बसून तिनं झाकण फिरवलं, डाव्या हातानं थर्मास आणि उजव्यानं झाकण, मग आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघत होती. मी शाळेचे पेपर तपासत होतो. तिनं विचारलं, "अप्पा, माझं रगत अत्यानं ह्याच्यातच नेलं होतं व्हय?" मी म्हटलं व्हय, आणि तोंडावर आलेला बसमधला म्हातारा पहिल्यांदाच गिळला.

आणि ती रडायला लागली. अक्का, कसं सांगू. खच्चून. गळ्याच्या शिरा फुगवून, लालबुंद होऊन, श्वास घेऊन घेऊन. इठाकाकू कुंपणाशी आल्या. सुनंदा उठली जवळ घ्यायला. आईला आता नीट दिसत नाही, ती कोपऱ्यातून भिंत धरून उठली आणि म्हणाली, "रडू दे. थांबवू नका कुणी."

आम्ही कुणी थांबवलं नाही. सगळे उभे राहून ऐकत होतो.

म्हणून हे लिहायला घेतलं. पट्टीचं मी आता विचारत नाही. तूच बसमधून उतरून मला पहिलं जे विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेही मी त्या दिवशी धड दिलं नव्हतं. आता कथा न लावता सांगतो.

रडली, अक्का. उशिरानं, पण रडली.